मालवणच्या मुशीत

मालवणच्या घरी गेलो की आधी बंदरावरून सिंधुदुर्ग पाहायचा, हा माझा परिपाठ. यंदा मात्र पावले बाजारपेठेतल्या गलाईच्या दुकानाकडे वळली. लेकीचे लग्न ठरले होते. खिशात आईच्या झिजलेल्या पाटल्या होत्या.

गलाईवाला सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातला; दुष्काळापायी देशभर पांगलेल्यांपैकी. त्याने कसोटीवर रेघ ओढली. ‘कस लागणे’ हा वाक्प्रचार मी वर्गात वीस वर्षे शिकवला; प्रत्यक्ष कस आज पाहिला!

“सर, डाग वितळला की पुन्हा दिसायचा न्हाई.”

मी मान हलवली.

वाचकहो, सोने शुद्ध करायचे तर आधी त्यात तिप्पट चांदी मिसळावी लागते. एरवी तेजाब आतवर पोचत नाही. रस पाण्यात ओतून दाणे केले, ते शोऱ्याच्या तेजाबात उकळले. चांदी-तांबे विरघळले, तळाशी उरली तपकिरी भुकटी. आईचे सोने ते हेच? काळजात धस्स झाले. धुऊन, टाकणखार घालून ती मुशीत तापवली, तेव्हा कुठे पिवळी गोळी झळकली.

पण निर्भेळ सोने फार मऊ. टिकाऊ पाटलीसाठी २४ भागांत २२ भागच सोने. बाकी तांबे-चांदी पुन्हा मिसळायचीच.

घरी लेकीने विचारले, “आजीच्या पाटल्या कुठायत?”

मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. ती बराच वेळ मूठ मिटून बसली.