बहिऱ्या सापाचे ऐकणे

साप बहिरा असतो असे आपणांस शाळेत शिकविले गेले, आणि साप पुंगीवर डुलतो हे आपण गावच्या बाजारात डोळ्यांनी पाहिले. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, तरी त्या दोन्ही आपण वर्षानुवर्षे मनात सुखाने बाळगल्या. वास्तविक गारुड्यासमोरचा नाग सुरांवर डुलत नसतो. फणा उभारून तो समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर रोखतो आणि ती वळेल तिकडे वळतो. पुंगीची हालचाल थांबली की त्याचे डुलणेही थांबते. तेव्हा गारुडी खोटा ठरला. पण म्हणून पाठ्यपुस्तक खरे ठरले काय?

हा प्रश्न फार जुना आहे. स्तोत्रसंहितेतील अठ्ठावन्नाव्या स्तोत्रात अन्यायी न्यायाधीशांना कान बंद करणाऱ्या बहिऱ्या सापाची उपमा दिलेली आहे. गारुडी कितीही कुशल असो, तो साप ऐकत नाही. इ. स. ३५४ ते ४३० या काळात होऊन गेलेल्या संत ऑगस्टिन यांनी या स्तोत्रावर विवेचन करताना त्या काळची एक समजूत नमूद केली आहे. गारुड्याचा मंत्र ऐकू येऊ नये म्हणून साप एक कान जमिनीवर दाबून धरतो आणि दुसऱ्या कानात शेपूट घालतो, अशी ती समजूत. पुढे मध्ययुगातील प्राणिकथांच्या पोथ्यांतून ती युरोपभर पसरली. त्या चित्रातला एक तपशील आम्हांस आता फार मौजेचा वाटतो, त्याचे कारण पुढे येईल.

सापांच्या कानांची चौकशी आम्ही या वयात का करावी, असे वाचकांच्या मनात येईल. त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण ब्रिस्बेनला आहे. तेथे आमची लेक आणि जावई राहतात, आणि आमच्या अकरा वर्षांच्या नातवाने एक छोटा अजगर पाळला आहे. ठिपक्याठिपक्यांची ही जात क्वीन्सलँडचीच असून ती साधारण मीटरभर वाढते. परदेशी साप पाळण्यास ऑस्ट्रेलियात मनाई आहे. देशी साप मात्र परवाना काढून पाळता येतात. परवाना आमच्या लेकीच्या नावावर आहे, आणि सापाचे नाव नातवाने ‘बिस्किट’ ठेवले आहे. (आपल्याकडे मात्र कोणी हा नाद करू नये. नाग, धामण, अजगर यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, आणि त्यांना घरात कोंडणे हा गुन्हा आहे.)

दुसरे कारण आमच्या स्वतःच्या कानांचे. अडतीस वर्षे आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात खर्जाचा आवाज लावत आलो. गेल्या दोन वर्षांत आमचे ऐकणे उतरले. कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवून सांगितले की खालच्या पट्टीचे आवाज आम्हांस बऱ्यापैकी ऐकू येतात, पण वरच्या पट्टीचे झिजले आहेत. वयोमानाने असेच होते. त्यामुळे माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो आहे ते कळत नाही. स, फ, थ यांसारखी व्यंजने गळून पडतात आणि स्वर तेवढे उरतात. कानात यंत्र बसविले. त्याचा उपयोग होतो, पण गर्दीत होत नाही. ब्रिस्बेनला निघण्यापूर्वी वृंदाच्या प्रमुखांनी अत्यंत प्रेमाने सुचविले, “काका, आता थोडी विश्रांती घ्या.” हे वाक्य मात्र आम्हांस स्पष्ट ऐकू आले.

त्या मनःस्थितीत आम्ही नातवाच्या खोलीत काचेच्या पेटीसमोर बसत असू. पहिल्याच दिवशी आम्ही सापाला मोठ्याने हाक मारली, तेव्हा नातू हसून म्हणाला, “आजोबा, त्याला नाव कळत नाही. पण तुम्ही चालत आलात ते त्याला कळलं होतं.”

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. सापाला कानाचे छिद्र नाही, कर्णपटल नाही, मध्यकर्णाची पोकळीही नाही. परंतु आंतरकर्ण आहे, आणि तो धडधाकट आहे. त्याला एक बारीक हाड जोडलेले असते. त्या हाडाचे दुसरे टोक जबड्याच्या सांध्याच्या हाडाशी जुळलेले असते. जमीन थरथरली की जबडा थरथरतो, आणि ती थरथर हाडावाटे आत पोहोचते. म्हणजे जुन्या चित्रातला साप जी गोष्ट ऐकू येऊ नये म्हणून करीत होता, तीच खऱ्या सापाची ऐकण्याची रीत आहे. आणखी एक नवल असे की सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे सांधलेले नसतात; ते स्वतंत्रपणे हलू शकतात. २००८ साली काही संशोधकांनी गणिताने दाखवून दिले की थरथर डाव्या आणि उजव्या जबड्याला किंचित मागेपुढे पोहोचते, आणि एवढ्या फरकावरून उंदीर कोणत्या बाजूस आहे हे सापाला उमगू शकते.

हवेतून येणाऱ्या आवाजाचे काय? १९७१ साली पीटर हार्टलाइन यांनी सापांच्या मेंदूतील संवेदना मोजून दाखविले की जमिनीतल्या कंपनांप्रमाणेच हवेतल्या ध्वनीलाही तेथे प्रतिसाद उमटतो. २०१२ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी रॉयल पायथन या अजगरावर प्रयोग केले. घराघरांतून पाळला जाणारा हा आफ्रिकेतला साप. सेकंदाला ८० ते १६० कंपनांच्या खर्ज ध्वनीला तो सर्वांत संवेदनशील आढळला. हजाराच्या वर त्याला जवळजवळ काही कळत नाही. माणसाला तरुणपणी वीस हजारांपर्यंत ऐकू येते. शिवाय सापाला कळण्यासाठी तो खर्जही सुमारे ७८ डेसिबलचा, म्हणजे आपल्या साध्या बोलण्याहून बराच मोठा असावा लागतो. हवेतला ध्वनी त्याचे डोकेच सूक्ष्मपणे हलवितो, आणि ते हलणे म्हणजेच त्याचे ऐकणे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पुढचे संशोधन तर ब्रिस्बेनमधलेच. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या क्रिस्टिना झ्देनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिरोधक खोलीत १९ सापांना तीन प्रकारचे आवाज ऐकविले आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील एका आवाजाने जमीनही थरथरत होती. उरलेले दोन केवळ हवेतून येत होते. सापांनी दोहोंची दखल घेतली, पण प्रत्येक जातीने आपापल्या स्वभावाप्रमाणे. वोमा नावाचा अजगर आवाजाच्या दिशेने सरकू लागला. तायपान, ब्राउन स्नेक हे विषारी साप मात्र दूर जाऊ पाहत होते. कोणी जागीच थिजले, कोणी डोके उचलले, कोणी जीभ लवलवली, कोणी फुत्कारले.

हे समजल्यावर बिस्किटकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. नातवाची शीळ त्याच्या गावीही नसे. सर आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८९२ सालच्या ‘द स्पेकल्ड बँड’ या शेरलॉक होम्सच्या कथेत दुष्ट डॉक्टर शीळ घालून सापाला परत बोलावतो. बिस्किटने त्या डॉक्टरची फजिती केली असती. पण दार आपटले की तो थिजे. शेजारच्या भिंतीपाशी जावयांचा गाण्यांचा मोठा स्पीकर होता. त्याचा ठेका सुरू झाला की तो ढोलीतून डोके काढी, जीभ लवलववी आणि पुन्हा आत जाई. त्या महिन्यात त्याने दोनदा उंदीर नाकारला. अजगर अनेक कारणांनी खाणे सोडतो, म्हणून दोष स्पीकरलाच देता येणार नाही. तरी नातवाने हट्ट धरून स्पीकर दुसऱ्या खोलीत हलवायला लावला आणि पेटीखाली जाड रबर अंथरले. ज्याच्या वतीने कोणी तक्रार करणार नव्हते, त्याच्या वतीने त्या मुलाने केली.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर सर्वजण एकदम बोलत होते आणि आम्ही नेहमीप्रमाणे मान डोलावत होतो. लेक म्हणाली, “बाबांना काही ऐकू येत नाही, जाऊ दे.” तेव्हा नातवाने आमच्यासमोर टेबलावर दोनदा टिचकी मारली. ती लाकडातून आमच्या कोपरापर्यंत आली. आम्ही वर पाहिले. मग तो आमच्याकडे तोंड करून, न ओरडता, सावकाश म्हणाला, “येतं. पण वेगळं येतं.” टेबलावर क्षणभर शांतता पसरली. त्या दिवसापासून त्या घरात कोणी आमच्यावर ओरडले नाही. बोलण्याआधी टेबलावर टिचकी वाजू लागली.

वसईला परतल्यावर आम्ही वृंदप्रमुखांना भेटलो. विश्रांतीचा प्रस्ताव नाकारला नाही. फक्त एक विनंती केली, की आम्हांस मागच्या रांगेतून काढून हार्मोनियमच्या बाकाला टेकून उभे राहू द्यावे. खर्जाचे स्वर त्या लाकडातून अंगात येतात, आणि आमचा भाग खर्जाचाच आहे. नाताळपर्यंत प्रयोग करून पाहू, असे त्यांनी मान्य केले. पुढच्या वर्षी काय होईल ते आम्हांस ठाऊक नाही. सूर सुटू लागला तर आम्ही स्वतःच खाली बसू. पण तो निर्णय आमचे गाणे ऐकून व्हावा, आमचे वय पाहून होऊ नये, एवढेच मागणे होते.

आपल्या प्रत्येक कुटुंबात असे कोणी ना कोणी बाकाच्या टोकाला मान डोलावत बसलेले असते. त्यांच्यावर ओरडून उपयोग होत नाही. ओरडण्याने स्वर तेवढे मोठे होतात, गळालेली व्यंजने परत येत नाहीत. जवळ जावे, खांद्याला हात लावावा, उजेडात तोंड समोर धरावे आणि सावकाश बोलावे. स्तोत्रकर्त्याचा रोष ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यावर नव्हताच. ऐकू येत असून जे कान बंद करतात, त्यांच्यावर होता. त्या बिचाऱ्या सापाला उगीचच त्यात गोवले गेले.