बर्फावरचा आठ

पनवेलच्या बाजारात बर्फ दिसतो तो मासळीच्या टोपलीत, नाहीतर उसाच्या रसाच्या पेल्यात. या दमट हवेत ‘फिगर स्केटिंग’ हा खेळ परका वाटणे साहजिकच. त्यातील ‘फिगर’ म्हणजे शरीराची ठेवण, असाही अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

फिगर म्हणजे पात्याने बर्फावर कोरलेली आकृती. मूळ आकृती इंग्रजी आठाची. एका पायावर तोल सांभाळत एक वर्तुळ, दुसऱ्या पायावर दुसरे, आणि पुन्हा त्याच रेषेवरून. खेळाडू बाजूला झाला की पंच वाकून ती रेघ न्याहाळत. कित्येक दशके साठ टक्के गुण या सक्तीच्या आकृत्यांना असत. प्रेक्षकांना भुरळ घालणाऱ्या मुक्त नर्तनाच्या वाट्याला उरलेले चाळीस. १९९० नंतर आकृत्या जागतिक स्पर्धेतून गेल्या, नाव तेवढे राहिले.

या खेळाला घराघरांत पोहोचवणारी सोनिया हेनी १९१२ साली आजच्या ऑस्लो शहरात जन्मली. वडील लोकरी कातड्यांचे श्रीमंत व्यापारी आणि एके काळचे जगज्जेते सायकलपटू. १९२४ च्या शामोनी हिवाळी ऑलिंपिकमध्ये ती अकरा वर्षांची होती. स्पर्धक आठ, तिचा क्रमांक आठवा.

तीनच वर्षांनी ती जगज्जेती झाली, आणि खरा वाद येथूनच सुरू होतो. १९२७ ची जागतिक स्पर्धा ऑस्लोतच होती. समोर होती ऑस्ट्रियाची हेर्मा साबो, सलग पाच वर्षांची विजेती. पंच पाच, त्यांपैकी तीन नॉर्वेचे. तिन्ही नॉर्वेजियन पंचांनी सोनियाला पहिले स्थान दिले; ऑस्ट्रियन व जर्मन पंचांनी साबोला. निकाल तीन विरुद्ध दोन! गदारोळ इतका झाला की आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढे एका देशाचा एकच पंच असा नियम केला. साबोचे विजेतेपद मात्र परत आले नाही.

म्हणून सोनियाची कीर्तीच खोटी म्हणावी काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. नवा नियम आल्यावरही ती १९३६ पर्यंत दरवर्षी जिंकत राहिली. जागतिक विजेतेपदे दहा, ऑलिंपिक सुवर्णपदके तीन. आखूड झगा आणि बॅलेची लय तिने बर्फावर रुळवली. तिचे कौशल्य निर्विवाद होते. पहिला मुकुट तेवढा डागाळलेला.

दुसरा डाग अधिक गडद आहे. १९३६ साली बर्लिनमधील एका प्रदर्शनात तिने हिटलरला नाझी पद्धतीने हात उंचावून अभिवादन केले. नॉर्वेची वृत्तपत्रे संतापली. त्यानंतरही ती त्याच्याकडे भोजनाला गेली आणि स्वाक्षरी केलेले छायाचित्र घेऊन आली. (त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला देशी खेळ दाखवून आले. त्या काळात खेळाडूंना यजमान निवडता येत नसे, हे खरे. पण हात उंचावायचा की नाही, हे निवडता येई.) १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला, तेव्हा तेच छायाचित्र तिच्या घरात ठेवलेले होते आणि सैनिकांनी घराला हात लावला नाही, असे सांगतात.

ती तोवर हॉलिवूडची तारका झाली होती. १९४१ साली तिने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. मायदेशातील कटुता बराच काळ टिकली. तरी १९५३ साली ती बर्फावरचा कार्यक्रम घेऊन ऑस्लोला आली, तेव्हा प्रेक्षकांनी गर्दी केली.

ऑक्टोबर १९६९ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने तिचे निधन झाले. पॅरिसहून ऑस्लोकडे येणाऱ्या विमानात. पतीसह तिने उभारलेल्या कलासंग्रहालयाजवळील टेकडीवर तिची समाधी आहे.