पोटाखालचा हात

आमच्या घरात कुणी पोहायला जात नसे, सगळे 'पवायला' जात. आणि पवायचं ते कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यात. शिवाजी पेठेतल्या त्या घरात सख्खी-चुलत मिळून आम्ही नऊ पोरं. मे महिन्यात पहाटे साडेपाचला थोरले काका सोप्यात उभे राहून एकच हाक मारायचे, "उठा रं!" अर्धवट झोपेत आम्ही अनवाणीच निघायचो, कारण घाटावर चपला राखत बसायला कुणी तयार नसायचं.

शिकवायची रीत ठरलेली होती. पहिले चार दिवस पाठीवर पांगिऱ्याचा बिंडा. पांगिऱ्याचं लाकूड वाळलं की बुचासारखं हलकं होतं, म्हणून त्याचे तुकडे सुंभानं बांधून पोराच्या पाठीशी आवळायचे. सुंभ छातीला काचायचा, रात्री आई तिथं खोबरेल लावायची. पाचव्या दिवशी बिंडा सुटायचा आणि पोटाखाली काकांचा हात यायचा. "पाय मार, पाय मार," म्हणत ते खोल पाण्याकडे न्यायचे. हात कधी निघाला ते कळायचंच नाही. काकांना आबांनी असंच शिकवलेलं, काकांनी दादाला, दादानं मला, मी धाकट्या दोघांना. कुणाच्या पोटाखाली कुणाचा हात होता, हे आमच्यातला प्रत्येक जण आजही न चुकता सांगेल.

यात अक्का नव्हती. पोरींनी रंकाळ्यात उतरायची तेव्हा पद्धत नव्हती. ती काठावर आमचे टॉवेल धरून बसायची. 1983 च्या उन्हाळ्यात मात्र तिनं टॉवेल धरायला साफ नकार दिला. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आबाच म्हणाले, "चल, मी शिकवतो." आबांनी साठी ओलांडलेली. पहाटे चारला, अंधारात, ते दोघं पाण्यात आणि बॅटरी धरून मी पायरीवर. दिसायचं काहीच नाही, नुसता पाण्याचा आवाज आणि आबांचं "पाय मार" ऐकू यायचं.

संध्यामठाला हात लावून आला तो पवणारा, अशी आमची परीक्षा होती. पावसाळ्यात तो दगडी मठ पाण्यात बुडत जातो, उन्हाळ्यात त्याचे खांब उघडे पडतात. महिना संपायच्या आत अक्का तिथवर जाऊन आली. त्या दिवशी मी बॅटरी विझवली, कारण उजाडलं होतं आणि लोक बघत होते. बघू देत, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

रंकाळ्याच्या नंदीचं एक वेगळंच वेड होतं. हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, तो पाण्याला पोचला की जगबुडी, असं कोल्हापुरात सांगतात. आम्ही आत्तीच्या डब्यातले दाणे आणून शेजारी शेजारी ठेवले. आमच्या घरात आजऱ्याचा घनसाळ तांदूळ शिजायचा, त्याचा दाणा आखूड. म्हणजे नंदी रोज थोडा पुढंच जाणार! धाकटा त्या रात्री जेवला नाही.

संध्याकाळी चौपाटी, भेळ, पावसात भाजलेलं कणीस. कोजागरीला सगळं घर दुधाचं पातेलं घेऊन काठावर. पलीकडे शालिनी पॅलेस. तो 1931 ते 1934 मध्ये बांधला गेला, आणि आबा शाळा बुडवून ते बांधकाम बघायला जात. गवंड्यांनी कुठला दगड कसा चढवला हे ते बोटानं हवेत काढून दाखवायचे.

मग तळ्यात सांडपाणी येऊ लागलं. केंदाळ पसरलं, पाणी हिरवं पडलं, आंघोळ करून आलं की अंगाला खाज सुटायची. पवणं एका दिवसात थांबलं नाही. आधी काका थांबले, मग दादा, मग कुणी पोरांना न्यायचंच बंद केलं. पुढं काठ सुंदर झाला, पदपथ आले, बाग आली, आणि मला ते आवडतंही. पण तळं नुसतं बघायचं झालं, याचं दुःख माझ्या मनातून जात नाही. आमची मुलं तलावात, म्हणजे टाकीत, शिट्टीवर शिकली. आमच्यापेक्षा चांगली पोहतात. त्यांना शिकवणाऱ्याचं नाव विचारलं तर 'सर' म्हणतात.

गेल्या कोजागरीला आम्ही नऊपैकी सात जण रंकाळ्यावर जमलो. दूध पिऊन झाल्यावर अक्का उठली, घाटाच्या पायऱ्या उतरून गेली आणि घोटाभर पाण्यात संध्यामठाकडे तोंड करून उभी राहिली. कुणी तिला हाक मारली नाही. वरच्या पायरीवर मी तिच्या चपला राखत बसलो.