शेवटचे दहा फूट

विमान उतरवण्याच्या कामात मला अजूनही छळतात ते शेवटचे दहा फूट. सर्किट, वेग, फायनलवरचा उतार हे सगळं हाताला इतकं सवयीचं झालंय की तिथे माझं डोकं रिकामं असतं. पण धावपट्टी अंगावर येऊ लागते, नाक उचलायचं असतं आणि ‘आत्ता’ की ‘जरा थांब’ हे ठरवायचं असतं, तिथे इतक्या वर्षांनीही माझं समाधान होत नाही. यंदा डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि हा जुनाच प्रश्न नव्याने समोर आला.

माझी जागा मोरव्याची आहे. चंद्रपूरजवळची ही लहानशी धावपट्टी. शनिवारी दुपारी नागपूरहून सेसना १५२ घेऊन निघायचं, वरोरा-भद्रावतीच्या बाजूने रेल्वेमार्ग धरून खाली यायचं, विमान दोरांनी बांधायचं, आवारातच छोटा तंबू ठोकायचा आणि रविवारी सकाळी परत. हवेतून अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर, पाऊण तासाचं काम. तरीही ही सहल मी नेहमी डोंगरातली समजतो, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

चंद्रपूर समुद्रसपाटीपासून सहाशे-सव्वासहाशे फुटांवर. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंख साडेचार हजार फुटांवर असल्यासारखे वागतात. महाबळेश्वर जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. म्हणजे दुपारी तीन वाजता मोरव्याला उतरणारा माणूस विमानाच्या हिशेबाने महाबळेश्वरच्या पठारावर उतरत असतो, फक्त तिथली थंडी नसते. नेपाळच्या लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटरची, चढाची आणि नऊ हजार फुटांहून उंच. तिचे व्हिडिओ बघून लोक थक्क होतात आणि तसं व्हायलाच हवं. पण लुक्ला आपला डोंगर दाखवून देतो. चंद्रपूरचा डोंगर दिसत नाही, तो फक्त आकड्यांमध्ये असतो.

एकशे दहा अश्वशक्तीच्या या विमानाला १,६७० पौंडांची मर्यादा. दोन माणसं आणि परतीचं इंधन धरलं की तंबू, पाणी आणि खिचडीचं सामान यांच्यासाठी उरते ती मूठभर जागा. सामान मी वजनकाट्यावर मोजून घेतो. उड्डाणाचं गणित कागदावर सुटतं. उतरण्याचं सुटत नाही, कारण ते डोळ्यांत असतं.

नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद. तिच्यावर घडलेला डोळा मोरव्याच्या अरुंद पट्टीवर फसतो. पट्टी अरुंद असली की आपण उंच आहोत असं वाटतं. मग माणूस नकळत खाली येतो आणि नाक उशिरा उचलतो. हे प्रत्येक वैमानिकाने वाचलेलं असतं, आणि माहीत असूनही डोळा तेच सांगत राहतो. त्यात उन्हाळ्यातली दुसरी फसवणूक. शेवटच्या क्षणी नजर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकावर ठेवा असं आम्ही शिकलो आणि शिकवलं. पण तापलेल्या डांबरावर मृगजळ उभं राहतं आणि ते टोकच विरघळतं. समोर चकाकणारं पाणी, त्याच्यावर अधांतरी तरंगणारी झाडं. नजर टेकायला जागाच नाही.

मग राहतं कडेचं गवत. समोर बघायचं, पण उंची कडेने धावणाऱ्या गवतावरून घ्यायची. माझ्या हाताखाली शिकणारी गडचिरोली जिल्ह्यातली एक मुलगी हे कुणी न सांगता करते. मी एकदा विचारलं, नाक उचलण्याचा क्षण कशावरून ठरवतेस? ती म्हणाली, “सर, गवताची पाती वेगळी दिसायची बंद होतात ना, तेव्हा.” हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं, आणि तिला ते मिळालं याचा आनंद होण्याआधी मला थोडी असूया वाटली.

पण गवतालाही एक खोट आहे, आणि त्यावर माझे कित्येक रविवार खर्च झालेत. विरळ हवेत काटा साठ नॉट दाखवतो तेव्हा विमान जमिनीवरून पासष्टने धावत असतं. म्हणजे गवत नेहमीपेक्षा जोरात पळतं. डोळा ओरडतो, वेग जास्त आहे, कमी कर. जो त्याचं ऐकून दांडा ओढतो त्याचं विमान आधारच सोडतं. म्हणून उंची गवताला विचारायची आणि वेग काट्याला, आणि दोघांना एकमेकांच्या कामात लुडबुडू द्यायचं नाही. बोलायला सोपं आहे. शेवटच्या तीन सेकंदांत काटा बघायला वेळ कुणाकडे असतो? तेव्हा कान लागतो. पंखातल्या स्टॉलच्या भोंग्याची बारीक शीळ आणि चाकांचा स्पर्श एकाच श्वासात यावा, हे माझं माप. ते जमलं की दिवसभर मी कुणाशीही चांगला वागतो.

शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय तपासणी रीतसर पार पडली, डॉक्टरांनी उड्डाणाला हिरवा कंदील दिला. पण नव्या भिंगातून डांबराचा दाणा न् दाणा दिसू लागला. इतकं ठसठशीत काही दिसलं की ते जवळ वाटतं, आणि माझा हात दीड-दोन फूट आधीच नाक उचलू लागला. कितीतरी वर्षं मी धुरकट दिसणाऱ्या जमिनीवर उतरत होतो आणि त्या धुरकटपणाचंच माप हातात बसलं होतं, हे डोळा साफ झाल्यावर कळलं. त्यातून मी बसतो उजवीकडे, प्रशिक्षकाच्या जागेवर; पट्टीचा मोठा भाग डावीकडून येतो, म्हणजे नेमका त्याच डोळ्याच्या बाजूने. हात पुन्हा शिकतोय. किती शिकेल ते सांगता येत नाही.

आजची बरीच मुलं या लहान विमानाकडे तास भरण्याचं साधन म्हणून बघतात. व्यावसायिक परवान्याचे दोनशे तास झाले की मोठं जेट, हा हिशेब मला समजतो. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं. पण इंजिनाच्या जोरावर लांबून सपाट ओढत आणणारी, धावपट्टी संपेपर्यंत तरंगत राहणारी लँडिंगं बघितली की मला राग येतो. असं शिकवणारे प्रशिक्षकही आहेत आणि त्यांची मुलं परीक्षा पास होतात. इंजिन बंद पडलं तर ती शेतात कशी उतरतील, हा प्रश्न मी विचारला की मला जुनाट ठरवलं जातं.

हेलिकॉप्टरवाल्यांशी मात्र माझी वेगळीच स्पर्धा आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि तिथल्या रुग्णाला आभाळातूनच वाट उरते. ते काम हेलिकॉप्टरचं आहे. धुळीच्या लोटात, जमीन दिसेनाशी झालेली असताना ते चाकं टेकवतात. त्यांचे शेवटचे दहा फूट माझ्याहून कठीण आहेत, हे मी मनापासून मान्य करतो. तरी आभाळातून भामरागडचा तीन नद्यांचा संगम पाहणं त्यांच्या वाट्याला आलं आणि माझ्या आलं नाही, हे सलतं. राजुरा तालुक्यात मूर्तीला नवा विमानतळ करायचा प्रस्ताव वाघांच्या भ्रमणमार्गामुळे अडला, त्याचं मात्र मला वाईट वाटलं नाही. ज्या जंगलासाठी मी इथे येतो त्याच्यातूनच धावपट्टी काढायची, हे मला पटत नाही. मोरवा नीट सांभाळला तरी पुष्कळ आहे.

मेच्या एका शनिवारी ती मुलगी डावीकडे होती. तेंदूपानांचा हंगाम, जंगलातल्या आगींचा धूर क्षितिजापर्यंत, औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या धुरकटात अर्ध्याच दिसत होत्या. मी हात मांडीवर ठेवले होते. माझ्या मते तिने नाक उशिरा उचललं. माझा उजवा हात दांड्याकडे निघालाही होता. तेवढ्यात शीळ आणि चाकं एकत्रच ऐकू आली.

संध्याकाळी विमान बांधताना तिथला पहारेकरी आला. बिबट्याचा वावर आहे, तंबू खोलीला लागूनच ठोका, असं बजावून तो म्हणाला, “सायेब, उद्या सकाळी लवकर निघून जा, दहा वाजता तवा होते इथं. पन आज काय उतरवलं तुमी! आवाजच नाई आला.” ती मुलगी शेपटाकडची दोरी आवळत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. मी म्हणालो, “हो, आज वारा बरा होता.” रात्री खिचडी खाताना तिला सांगितलं की ते लँडिंग माझ्याहून चांगलं होतं. पहारेकऱ्याला सांगायचं अजून राहिलं आहे.