यमुनेपलीकडचे बिऱ्हाड

बदलीच्या नोकरीत नव्या शहराची ओळख कचेरीत होत नाही, भाजीच्या पाटीपाशी होते, असे आमचे मत आहे. वाचकांपैकी अनेकांनी लखनौ, पाटणा, शिलाँग अशी ठाणी पाहिली असतील. त्यांना हे पटावे. दिल्लीस रुजू झालो तेव्हा आमचे वय पंचवीस वर्षांचे होते, हिंदी शाळेच्या पुस्तकातले होते आणि दुधीला तेथे लौकी म्हणतात एवढेही आम्हांस ठाऊक नव्हते. यमुनेच्या पूर्वेस मयूर विहारात, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही बिऱ्हाड थाटले. बिऱ्हाड म्हणजे एक खाट, एक शेगडी आणि आईने पुण्याहून दिलेला गोड्या मसाल्याचा डबा. सकाळी मेट्रोने नदी ओलांडावी, इंद्रप्रस्थ स्थानकावर उतरावे, सायंकाळी पुन्हा नदी ओलांडावी. मधला वेळ सरकारचा.

पुलावरून प्रथम यमुना पाहिली तेव्हा मन खट्टू झाले. कीर्तनातून ऐकलेली कालिंदी ती हीच का, असा प्रश्न पडावा इतकी ती अरुंद आणि काळवंडलेली. दोन्ही अंगांस मात्र हिरवे पट्टे पसरलेले असत. त्या जमिनीस ‘खादर’ म्हणतात. पुराच्या गाळाने जी वरचेवर नवी होते ती खादर, आणि पूर जेथवर पोहोचत नाही ती जुनी, उंच जमीन म्हणजे बांगर. भूगोलाच्या पुस्तकात हे दोन शब्द आम्ही पाठ केले होते. त्यांतील एकावर भेंडी पिकते आणि ती आमच्या ताटात येते, हे दिल्लीत कळले.

ती भेंडी आणणारी बाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसे. वय पस्तिशीच्या आसपास, मूळची बदायूं जिल्ह्यातली, लग्न होऊन खादरात आलेली. पहिल्याच दिवशी आम्ही तिला मोठ्या आदराने ‘ताई’ म्हटले. तिने तराजू खाली ठेवला आणि विचारले, “हम तुम्हें ताई दिखते हैं?” त्या मुलखात ताई म्हणजे थोरल्या काकांची बायको, म्हणजे चांगलीच वयस्क बाई, हे पुढे एका सहकाऱ्याने सांगितले. तेव्हापासून आम्ही ‘दीदी’ म्हणू लागलो आणि ती आम्हांस, बहुधा सूड म्हणून, ‘बाबूजी’ म्हणू लागली. महिनाअखेरीस उधारी राही. हिशेब ती तोंडी ठेवी आणि तो कधी चुकत नसे, हे लेखाशाखेत काम करणाऱ्या आम्हांस जरा लाजिरवाणेच होते.

येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. नदीपात्रातील वस्त्यांविषयीचे काही कागद त्या काळी आमच्या टेबलावरून जात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०१५ मध्ये यमुनेच्या पूरक्षेत्रात खाण्याची पिके घेण्यास मनाई केली होती. दूषित पाण्यावरची भाजी लोकांच्या पोटात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. तो वाईट कोण म्हणेल? आमचे काम फक्त तक्त्यातील आकडे जुळविण्याचे. ते जुळवून आम्ही घरी येत असू आणि वाटेत त्याच खादरातली तोरी घेत असू. दीदीला आम्ही यातले काही सांगितले नाही. आमची कचेरी कोणती, एवढे तिला ठाऊक होते.

९ जुलै २०२३, रविवार. सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत दिल्लीत १५३ मिलिमीटर पाऊस झाला. जुलैतील एका दिवसाचा असा पाऊस १९८२ नंतर झाला नव्हता. वर हिमाचलात त्याहून भयंकर चालले होते. हरियाणातील हथिनीकुंड बंधाऱ्यातून सोडलेले पाणी सहसा दोन-तीन दिवसांत दिल्लीस पोहोचते. सोमवारी सायंकाळी नदीने २०५.३३ मीटरची धोक्याची रेषा ओलांडली. आम्ही दीदीला म्हणालो, सामान हलवा. ती हसली. २०१३ साली पाणी आले होते ते खाटेपर्यंत आले, म्हणाली. खाट विटांवर चढवली की झाले. तिचा अनुभव खोटा नव्हता. त्या साली नदी २०७.३२ पर्यंत चढली होती. २०१९ मध्ये तर हथिनीकुंडातून आठ लाख क्युसेकच्या वर पाणी सुटले, तरी दिल्लीत पातळी २०७ ला टेकली नाही. या खेपेस पाणी निम्म्याहून कमी, सुमारे ३ लाख ६० हजार क्युसेक. मग भ्यायचे कशाला? परंतु नदीचे पात्र तेच राहिले नव्हते. गाळ साचला होता, पूल आणि बांध यांनी तिला जागोजाग आवळले होते. हे सारे आम्ही नंतर वाचले. त्या सायंकाळी आम्हीही मनात म्हटले, बाई म्हणते ते बरोबर असावे, आणि पावशेर भेंडी घेऊन जिना चढलो.

बुधवारी दुपारी लोखंडी पुलापाशी १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला. ती तारीख १२ जुलै. आमच्या घरात ही तारीख कोणी विसरत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा आमची आजी अठरा वर्षांची, नुकती लग्न होऊन नारायण पेठेत आलेली होती. शेगडीवर भाताचे पातेले होते. ते उतरवावे की नको, एवढ्या विचारात जो वेळ गेला त्याची चुटपुट तिला अजून आहे. लग्नाचा एकुलता एक फोटो भिंतीवरच राहिला. रात्री तिचा दूरध्वनी आला. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, नदी दूर आहे, हे आम्ही समजावू लागलो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “तुझं ठीक आहे रे. खाली कोण राहतं?”

आम्ही खाली उतरलो.

मयूर विहारच्या मोठ्या रस्त्याच्या कडेस सारे खादर वर आले होते. म्हशी, खाटा, सायकली, कोंबड्यांच्या टोपल्या, पितळेची एक परात डोक्यावर धरून उभी असलेली मुलगी. कोणी रडत नव्हते. सगळे मोजत होते. माणसे मोजून झाली की जनावरे, जनावरे मोजून झाली की पुन्हा माणसे. दीदीचा नवरा एका वासरासाठी परत गेला होता. ती अंधारात त्या दिशेला पाहत उभी होती. आम्हांस पाहताच तिने पदराखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. “बाबूजी, तुम्ही वर राहता. हे कोरडे ठेवा.” मग विचारले, “पाणी उतरल्यावर परत जाऊ देतील ना? तुम्हाला कचेरीत कळत असेल.”

“पाहतो,” आम्ही म्हणालो.

सरकारी नोकरीत हा शब्द आपण सर्वांनीच किती वेळा वापरला आहे! त्यात होकार नाही, नकार नाही आणि खोटेही नाही. नवरा तासाभराने आला, वासरासह.

गुरुवारी सायंकाळी नदी २०८.६६ मीटरवर गेली. मेट्रो पुलावरून तासाला ३० किलोमीटरच्या वेगाने सरकत होती आणि यमुना बँक स्थानकाचे दार प्रवाशांना बंद होते. खिडकीतून पाहिले तर खादर नव्हतेच. पाण्यातून काही झाडांचे शेंडे आणि एका मांडवाची निळी ताडपत्री तेवढी वर होती. वजिराबाद, चंद्रावल आणि ओखल्याची जलशुद्धीकरण केंद्रे बंद पडली, म्हणजे पुरात बुडालेल्या शहरास प्यायला पाणी नाही. पुढे आय. टी. ओ. चा चौकही पाण्याखाली गेला. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील कागद भिजले. ते पुढे कित्येक दिवस पंख्याखाली वाळत घातले होते. आमचा तक्ता वरच्या मजल्यावर होता. तो कोरडा राहिला.

पिशवी आम्ही उघडायला नको होती. परंतु कोपरा ओला दिसला म्हणून उघडली. मुलांचे शाळेचे दाखले होते, शेताच्या खंडाच्या चिठ्ठ्या होत्या आणि मतदाराचे ओळखपत्र होते. त्यावर तिचे नाव, नवऱ्याचे नाव आणि पत्ता: चिल्ला खादर. ज्या जागी कोणी राहत नसावे असे आमचे कागद म्हणत होते, तेथून ती मत देत होती. आम्ही ती पाने खाटेवर पसरली आणि रात्रभर पंखा चालू ठेवला.

पाणी उतरले. ती माणसे पुष्कळ दिवस रस्त्याच्या कडेलाच तंबूत होती. आम्ही येता-जाता भेटत असू, पण तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी ती आपल्या जागी परत बसलेली दिसली. पुढ्यात मुळे आणि पालक. गाळ चांगला बसला आहे, म्हणाली. आम्ही वर जाऊन पिशवी आणली. तिने कागद एकेक करून मोजले आणि पदराखाली ठेवले. मग जुलैची उधारी सांगितली: पंचेचाळीस रुपये.

आम्ही पैसे दिले. मुळ्याचे पैसे ती घेईना. उद्या घेईन, म्हणाली.