चहा की स्वस्त तिकीट?

पहाटेचं पुणे-बेंगळुरू विमान. शेजारचे काका तणतणत होते, "साधा चहाही विकत! आणि ती पोरगी धड हसतसुद्धा नाही." काकूंनी चिवड्याचा डबा उघडला. "तिकीट स्वस्त, म्हणून तर नातवाला वर्षातून दोनदा भेटतो!"

हा वाद मूळचा बेंगळुरूचाच म्हणा ना! कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन इथलीच, २००३ ची. फुकट खाणं नाही, जाहिरातीत आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन'. २००५ मध्ये याच शहरातल्या किंगफिशरने साध्या प्रवाशालाही गरम जेवण आणि समोर टीव्हीचा पडदा दिला. २०१२ मध्ये तिची विमानं थांबली.

देवनहळ्ळीला उतरताना त्याच हवाई सुंदरीने काकांची जड पिशवी खाली काढून दिली.

"रात्री दोनला उठली असेल हो ती," काकू म्हणाल्या.