कोरियांचे चर्च, कोरियांचा आराखडा

दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये मिस्सेस जाणाऱ्या आम्हां ख्रिस्तजनांना चार्ल्स कोरिया हे नाव परके नाही. ते प्रभुमंदिर त्यांच्याच कल्पनेतून साकारले. भिंतींइतकाच मान तेथे मोकळ्या अंगणांना आहे. गिरण्यांच्या जमिनींविषयी शासनाने नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच. एकेक गिरणी सुटी न पाहता परळ-लालबागचा सलग विचार व्हावा, हे त्यांचे १९९६ चे सांगणे बहुतांशी कागदावरच राहिले. १९९१ च्या नियमाने ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांना, एक तृतीयांश सार्वजनिक घरांना मिळायची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. भोंगे थांबले, कचेऱ्यांचे मनोरे उठले. स्थानकाचा जिना मात्र तोच अरुंद! २९ सप्टेंबर २०१७ रोजी, महादूतांच्या सणादिवशी, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. सारा दोष एका दुरुस्तीवर ढकलणे न्यायाचे नव्हे. तरी मनोऱ्यांना परवानगी देताना, ही माणसे उतरणार कोठून, हे कोणी तरी विचारावयास हवे होते. नवा पूल लष्कराने काही महिन्यांत बांधला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला.